जांघेत आलेली दुसरी गाठ

खानापूर तालुक्यातल्या त्या मावशी आषाढातल्या एका सोमवारी बेळगावला आमच्या ओपीडीत आल्या, तेव्हा टाके काढायला अजून तीन दिवस होते. मुलाच्या आधाराने खुर्चीत बसून, जांघेवर हात ठेवून त्यांनी विचारले, "डॉक्टर, गाठ काढलासा न्हवं? मग ही परत कशी आली?"

नऊ दिवसांपूर्वी मी त्यांच्या टाचेवरचा मेलॅनोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा त्वचेचा कर्करोग, काढला होता आणि त्याच वेळी जांघेतली सेंटिनेल लसीका ग्रंथी, म्हणजे कर्करोग पसरलाच तर सर्वांत आधी जिथे पोहोचतो ती ग्रंथी, तपासणीसाठी घेतली होती. डागाभोवती निळा रंग टोचायचा आणि तो सर्वांत आधी ज्या ग्रंथीत पोहोचतो तेवढीच काढायची, ही डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत एवढ्याच शस्त्रक्रियेनंतर सुमारे १० टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, तर पुढे त्या भागातल्या सर्व ग्रंथी काढलेल्यांत हेच प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास गेले. मात्र त्या १० टक्क्यांत कोण सापडण्याची शक्यता जास्त, हे मावशींच्या केसपेपरवर मीच लिहून ठेवले होते: वजन जास्त, मधुमेह जुना, आणि जखम जांघेत.

मान किंवा काखेपेक्षा जांघ अधिक त्रास देते. तिथे घडी पडते, घाम साचतो, आणि उठता-बसताना प्रत्येक वेळी टाक्यांवर ताण येतो. कापल्या गेलेल्या बारीक रसवाहिन्यांतून पाझरणारा द्रव चरबीच्या थराखालच्या पोकळीत साठत राहतो. मावशी तर चौथ्या दिवसापासून भाताच्या रोपांच्या जुड्या बांधायला उकिडव्या बसत होत्या, कारण लावणी थांबवणे घरात कोणालाच शक्य नव्हते.

गाठ लिंबाएवढी, मऊ होती. त्वचा लाल नव्हती, तापही नव्हता. सुईने चाळीस मिली गवती पिवळा, स्वच्छ द्रव निघाला. हा सेरोमा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या जागी त्वचेखाली साठलेला द्रव, होता. तपासणीत ग्रंथी निर्दोष आल्याचा अहवाल माझ्या टेबलावरच होता. तो वाचून दाखवला तेव्हा त्या रडल्या, आणि कर्करोग परतला असे धरून त्यांनी तीन रात्री जागून काढल्याचे मुलाने सांगितले.

संमतिपत्रावर 'सेरोमा' हा शब्द होता, त्याखाली त्यांचा अंगठाही होता. पण "जांघेत पाणी साठून गाठ येईल, ती कर्करोगाची नसेल" हे वाक्य मी उच्चारले नव्हते, आणि ती चूक माझी होती. धोका कोणाला अधिक हे ठाऊक असताना तो त्यांच्याच बोलीत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मी मानतो.

द्रव आणखी दोनदा काढावा लागला. चौथ्या आठवड्यात जांघ कोरडी झाली. पायाला कायमची सूज येण्याचा धोका थोडा का होईना उरतो, म्हणून दर खेपेला आम्ही दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजतो. दिवाळीनंतरच्या खेपेला दोन्ही आकडे सारखे होते.