किंचाळ्यांचा टाइमकोड

कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या कॅप्शन तपासणं हे माझं काम. संवाद तर लिहायचेच, शिवाय दार आपटलं, फोन वाजला, पडद्याबाहेरून कुणी हाक मारली, तेही लिहायचं. मालाडच्या ऑफिसात बसून आम्ही परदेशी सिनेमांना, मालिकांना, केकच्या स्पर्धांना हे करून देतो. सिनेमा आवडला की नाही हे आम्हाला कुणी विचारत नाही. एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, सात सेकंदांपेक्षा जास्त काळ कुठलीही कॅप्शन पडद्यावर थांबायला नको. एवढं सांभाळलं की पुढची फाइल उघडायची.

'द डेव्हिल्स' अशीच एका सकाळी आली. केन रसेलचा १९७१चा ब्रिटिश सिनेमा. घरी पाहण्यासाठीच्या एका आवृत्तीचं काम होतं. कुणासाठी, ते करारामुळे सांगता येत नाही. सरांनी फाइल वाटण्याआधी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "यात नन्स आहेत, नग्नता आहे, छळ आहे, माणसाला जिवंत जाळलेलं आहे. कुणाला नको असेल तर आत्ता सांगा, नंतर रडायचं नाही." आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्या शेजारच्या टेबलाकडे वळल्या. ती वसईची, घरात रोज रात्री रोझरी, रविवारची मिस्सा कधी चुकत नाही. ती म्हणाली, "सर, मी करते. लॅटिन तुम्हाला दुसरं कोण लिहून देणार?" तिचे आजोबा चर्चमध्ये गात असत, जुन्या लॅटिन प्रार्थना त्यांच्याकडून तिच्या कानावर पडलेल्या. सर गप्प बसले. ती आणि मी, दोघींनी मिळून ते काम घेतलं.

पहिला घोळ धर्माचा नव्हता, फ्रेमचा होता. जुनी कॅप्शन फाइल सोबत आली होती, ती ब्रिटिश डीव्हीडीच्या वेगावर बांधलेली: सेकंदाला २५ फ्रेम. चित्र मात्र सिनेमाच्या मूळ वेगाचं, २४ फ्रेमचं. मिनिटामागे जवळपास अडीच सेकंद कॅप्शन आधी येतात. सुरुवातीला लक्षातही येत नाही, तासाभरानंतर माणूस तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य खाली येऊन निघून गेलेलं असतं. हे नेहमीचंच दुखणं. एक गुणाकार केला की फाइल सरळ होते.

इथे ती झाली नाही. पहिला बराच भाग चोख बसला आणि मग एका जागी कॅप्शन अचानक मागे पडल्या. तेवढ्या सरकवल्या, पुढे पुन्हा बसल्या, पुन्हा एका जागी मागे. वेग चुकलेला असेल तर फाइल हळूहळू सरकते. ही उड्या मारत होती. म्हणजे फाइलमध्ये जे होतं ते चित्रात नव्हतंच. आम्हाला आलेलं चित्र अमेरिकन आवृत्तीचं होतं. ब्रिटनमध्ये एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र घेऊन लागलेला सिनेमा १११ मिनिटांचा. अमेरिकेत त्यावर आणखी कात्री चालली आणि तो दोन-तीन मिनिटांनी आखडला. क्लायंटला मेल टाकला. उत्तर येईपर्यंत मी उड्यांच्या जागा वहीत लिहून काढल्या. सेन्सॉरचा कागद हातात नसताना नुसत्या टाइमकोडवरून, म्हणजे कॅप्शन कधी येते-जाते त्या वेळांवरून, कात्रीचा माग लागत होता. खरं सांगते, एवढ्या वर्षांत कामाची अशी गंमत क्वचित वाटली.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गोष्ट फ्रान्समधल्या लूदाँ गावाची, खरी घडलेली. तिथल्या सेंट पीटर चर्चचा धर्मगुरू उर्बें ग्राँदिए देखणा, बोलण्यात फटकळ, बायकांच्या बाबतीत बदनाम, आणि शत्रू जमवण्यात पटाईत. धर्मगुरूंनी लग्न करायला हरकत नाही असा त्याने प्रबंधच लिहिला होता. १६३२ मध्ये गावात प्लेग येऊन गेला आणि त्याच वर्षी तिथल्या उर्सुलिन पंथाच्या मठातल्या नन्सना झपाटल्याची बोंब उठली. मठाची प्रमुख सिस्टर जान हिने ग्राँदिएचं नाव घेतलं. तिने त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं म्हणतात. हे गावातच विझलं असतं. पण राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशेल्यू याचा माणूस, बॅरन द लोबार्दमाँ, लूदाँचा किल्ला पाडण्याच्या कामावर तिथे आलेला होता. गावात प्रोटेस्टंट बरेच, तट मजबूत, आणि राजाच्या हाताबाहेरची कुठलीही तटबंदी रिशेल्यूच्या डोळ्यांत खुपणारी. ग्राँदिए तट राखायच्या बाजूचा. शिवाय रिशेल्यूची टवाळी करणारं एक पत्रक त्यानेच लिहिलं असा संशय. लोबार्दमाँच खटल्याचा मुख्य झाला. सैतानाशी केलेला करार म्हणून उलट्या अक्षरांतला लॅटिन कागद पुरावा ठरला. तो कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अजून आहे. १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्राँदिएला आधी पाय चेचून मग जाळलं. त्याने शेवटपर्यंत कबुली दिली नाही.

आणि भुतं? ती नंतरही काही वर्षं मुक्कामाला होती. लोक लांबून बघायला येत. १६३५ मध्ये थॉमस किलिग्रू नावाचा इंग्रज नाटककार तो तमाशा पाहून गेला आणि पत्रात वर्णन लिहून बसला. सिस्टर जानच्या हातावर येशू-मरियेची नावं उमटली म्हणून तिला फ्रान्सभर मिरवून आणलं. माझ्या मैत्रिणीला हा भाग सगळ्यात जास्त झोंबला. "जाळलं तो राहिला बाजूला, हिची मिरवणूक?"

दुपारी क्लायंटचं उत्तर आलं, सोबत ब्रिटिश आवृत्तीचं पूर्ण चित्र. आता फाइल अगदी बरोबर बसली. मी वही उघडली आणि ज्या ज्या जागी उडी होती तिथे जाऊन बघायला लागले की अमेरिकेत नेमकं काय गेलं होतं. काही सेकंद इथे, काही तिथे: नन्सची उघडी अंगं, चर्चमधला धिंगाणा, एकमेकींवर पडणं, ओरबाडणं. फार काही मोठं नाही. मग सहज म्हणून उलट बाजूने पाहिलं. लोबार्दमाँच्या सगळ्या कॅप्शन दोन्हीकडे सारख्या. रिशेल्यू राजाच्या कानाला लागतो ते सारखं. तट पाडायचा हुकूम, साक्षी शिकवणं, न्यायाधीशांच्या टोप्या, कशालाही कुणी हात लावलेला नाही. कात्री फक्त किंचाळ्यांवर चालली होती. ज्यांच्या हुकमाने किंचाळ्या निघाल्या ते जसेच्या तसे, शब्दन् शब्द शाबूत.

अर्थात ब्रिटिश आवृत्तीही पूर्ण नव्हेच. तिथल्या सेन्सॉर मंडळाचे जॉन ट्रेव्हेलियन रसेलला अनुकूल होते, तरी नन्स क्रूसावरच्या येशूच्या भल्यामोठ्या मूर्तीवर तुटून पडतात तो प्रसंग स्टुडिओला आणि मंडळाला दोघांनाही सोसला नाही. तो गेला तो गेलाच. समीक्षक मार्क करमोड याने शोधाशोध करून त्याची रिळं मिळवली आणि २००२ मध्ये चॅनल फोरच्या माहितीपटात ती दाखवली. मार्च २०१२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची डीव्हीडी निघाली, त्यातही तो प्रसंग नव्हता; वॉर्नर ब्रदर्सने दिला तो एक्स प्रमाणपत्राचाच सिनेमा. रसेल आधीच्या नोव्हेंबरात वारला होता. चाळीस वर्षं वाट पाहून चार महिन्यांसाठी चुकामूक. (हा तोच रसेल, ज्याने टीव्हीवर एका टीकाकाराच्या डोक्यात गुंडाळलेला पेपर हाणला होता. अशा माणसाला बरीच वर्षं जगू द्यायला हवं.)

मग खरं काम सुरू झालं. संवाद सोपे होते. अडचण गोंगाटाची. जुन्या फाइलमध्ये नन्सच्या प्रसंगांना 'किंचाळ्या' असं एकदा लिहून मोकळं केलेलं होतं. मैत्रिणीला ते मान्य नव्हतं. ती हेडफोन लावून वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा चढउतार दाखवणारी रेघ, मोठा करून बसली. पीटर मॅक्सवेल डेव्हिसचं संगीत इतकं कर्कश की कुठे वाद्य संपलं आणि कुठे बाई सुरू झाली ते कळत नाही. डेरेक जार्मनने उभारलेला मठ पांढऱ्या विटांचा, चकचकीत, दवाखान्यासारखा. तिथे आवाज घुमतोय असंच वाटत राहतं.

सिस्टर जान, म्हणजे व्हेनेसा रेडग्रेव्ह, झपाटलेल्या अवस्थेत घोगऱ्या आवाजात बोलते. जुन्या फाइलमध्ये तिथे सैतानी आवाज असं लिहिलेलं. मी ते खोडून 'घोगऱ्या आवाजात' केलं. आमचा नियमच आहे, कानाला जे येतं ते लिहायचं, त्याचं कारण नाही. आणि तो आवाज सैतानाचा की तिचाच, याच वादावर एक माणूस जाळला गेलेला. त्याचा निकाल मालाडमधून कशाला लावायचा?

जंगलातल्या प्रसंगाशी मैत्रीण बराच वेळ अडली. लोबार्दमाँ नन्सना रानात नेऊन उभं करतो, समोर सैनिक, आता मारणार. तेवढ्यात भुतं उतरवणारा, गोल चष्म्याचा फादर बारे धावत येतो आणि सांगतो की दोष तुमचा नाही, तुमच्यात सैतान शिरलाय. म्हणजे झपाटलेल्या असाल तर जगाल. क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळ्याजणी एकदम फुटतात.

"हे बघ," ती म्हणाली. पडद्यावर वेव्हफॉर्मची सपाट रेघ, मग उभा डोंगर. "आधी बायांना मरण दाखवलं. मग सुटायची वाट दाखवली. मग आवाज." तिने पुढचे प्रसंगही तसेच लावून दाखवले. फादर विचारतो, किंचाळी. फादर थांबतो, शांतता. पुन्हा विचारतो, पुन्हा किंचाळी. सलग ऐकलं तर वेड वाटतं. तुकडे करून ऐकलं तर सवाल-जवाब.

मी म्हटलं, "तुला राग येत नाही? तुमच्या देवाची एवढी विटंबना."

"अगं, ग्राँदिएच्या तोंडी किती प्रार्थना आहेत ऐकल्यास का? आख्ख्या सिनेमात एकटा तोच मनापासून प्रार्थना करतो. तोही पापी माणूस. राग येतो तो त्या बॅरनचा. त्याचा देवाशी काय संबंध? त्याला भिंत पाडायची होती."

मला तरी सिनेमा तिच्याइतका आवडला नाही. रसेल एकदा सुरू झाला की त्याला आवरत नाही. जे दोनदा दाखवून कळलं असतं ते तो दहादा दाखवतो. पण पेटीचा प्रसंग मी मुद्दाम पुन्हा लावला. राजा वेष पालटून मठात येतो, ख्रिस्ताच्या रक्ताची कुपी आहे म्हणून एक पेटी फादरच्या हाती देतो. पेटी पुढे धरताच भुतं पळतात, सगळ्या बायका बऱ्या होतात. राजा पेटी उघडून दाखवतो. आत काहीच नाही. आणि गंमत अशी की लबाडी उघडी पडल्यावरही कुणी ओशाळत नाही, गोंधळ पुन्हा सुरू होतो. राजा हसत निघून जातो. इतिहासात राजा असा काही लूदाँला गेला नव्हता, आणि सिनेमात शेवटी तट उडतात तसं सगळंच भुईसपाट झालं असंही नाही. तिथला जुना चौकोनी बुरूज अजून उभा आहे. ते असो.

संध्याकाळी फाइल पाठवली. 'किंचाळ्या' ही एक कॅप्शन होती तिथे आता कितीतरी लहान लहान: नन्स किंचाळतात, शांतता, एकटी नन हसते, पुन्हा शांतता, सगळ्या किंचाळतात. क्लायंटचा शेरा आला की हे फार तुकडे झाले, वाचताना त्रास होईल, सगळं मिळून एकच करा.

सर म्हणाले, "कर एकत्र, काय फरक पडतो?"

"सर, ज्याला ऐकू येत नाही त्याला मग वाटेल की या बाया आपणहून थांबतच नव्हत्या," ती म्हणाली. "त्या थांबत होत्या. कुणी विचारायचं थांबलं की थांबत होत्या. ते त्याला कसं कळणार?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मग तिचंच वाक्य थोडं सभ्य करून मेलमध्ये टाकलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं: तसंच ठेवा, मात्र वाढलेल्या कॅप्शनचे वेगळे पैसे मिळणार नाहीत.