पंच आउटनंतरचा दीड तास

आज सेलचा रविवार. मॉलमध्ये साडेनऊला पंच आउट, मग शटर अर्धं ओढून स्टॉकची मोजणी, बॅग तपासणी, सुटका अकराला. मशीनच्या हिशेबी हा दीड तास झालाच नाही!

गणित मांडा. पगार १५,६०० असेल, तर २६ दिवसांनी भागून रोजचे ६००, आठ तासांनी भागून ७५ रुपये तास. ओव्हरटाइम दुप्पट, म्हणजे १५०. रोज दीड तास धरला तर २६ दिवसांचे ३९ तास, म्हणजे महिन्याला ५,८५० रुपये.

तक्रारी अडतात त्या पुराव्यावर. रोस्टरचा फोटो आणि 'थांबा' म्हणणारा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज जपा. तारीखवार वही लिहा. अर्ज मुंबईत वांद्र्याच्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या, प्रतीवर शिक्का घ्याच. तुम्ही कंत्राटी एजन्सीमार्फत असाल आणि तिने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही राबता त्याच्यावर येते. 'तो आमचा माणूस नाही' हे त्या मालकाचं नेहमीचं पालुपद.