सा खाली बसतोय

आज पेडल स्टील गिटार दुसऱ्यांदा घरी आली. गिटार म्हणायचं म्हणून म्हणायचं, बघायला चार पायांचं टेबलच आहे ते, वर दहा तारा, खाली तीन पेडल आणि गुडघ्यानं ढकलायचे चार लिव्हर. पहिल्यांदा आणली तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यातच विचारलेलं, शिलाई मशीन घेतलास काय रे? हो म्हटलं, भिजत उभं राहून काय समजावून सांगणार.

दीड वर्ष चाललंय हे खूळ. बाबांची हवाईयन गिटार घरात होतीच, हवाईयन गिटारीवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काब्रांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून ते शिकले, गणपतीत गल्लीत वाजवायचे. पण त्या गिटारीवर बार, म्हणजे तारांवर धरायचा धातूचा दांडा, सरकवला की सगळ्या तारा एकदम वर नाहीतर एकदम खाली, मागं कोण राहत नाही. पेडल स्टीलवर आठवी, सहावी, पाचवी तार छेडा, सा ग प मिळतं, आणि डाव्या पायानं पहिली दोन पेडल एकत्र दाबा, ग चा म होतो, प चा ध होतो आणि सा जागचा हलत नाही. पेडल आधीपण होती म्हणा, पण ट्यूनिंग बदलण्यापुरती. तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर वळवायचा हा प्रकार १९५४ मध्ये बड आयझॅक्स या अमेरिकन वादकाच्या वाजवण्यातून गाजला. मी ते पहिल्यांदा ऐकलं आणि त्या रात्री झोपलोच नाही.

बाहेरून मागवायची तर किंमत, वर भाडं, वर ड्युटी. म्हणून आधी मिरजेला गेलो, सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं गाव, म्हटलं तिथं नाही तर कुठं होणार. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं फोटो बराच वेळ उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, लाकडाचं आम्ही करू हो, पण खालची ही सायकल कोण करणार?

सायकल करणारे आमच्याकडंच, बेळगावात, उद्यमबागेच्या कारखान्यांत. पंपाचे पार्ट करणारं एक छोटं वर्कशॉप आहे, ड्रॉइंग घेऊन गेलो तर तिथला टर्नर म्हणतो, ब्रेकचं लिंकेज करूलालाय काय ओ? चुकीचं नव्हतं त्याचं. पेडल दाबलं की रॉड खाली ओढला जातो, त्यानं आडवा शाफ्ट फिरतो, शाफ्टवरची क्रँक दुसरा रॉड ओढते आणि तो रॉड तारेखालची ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी फिरवतो, त्या पट्टीवरच तार टेकलेली असते, मग तार ताणली जाते. एवढंच. पण असल्या दहा पट्ट्या एकाला एक चिकटून आणि कुणी कुणाला घासायचं नाही. टर्नर मराठीत सुरू करायचा, वैतागला की कन्नडवर जायचा, त्यामुळं काम कसं चाललंय ते मला भाषेवरूनच कळायचं.

तिसरी तार सारखी तुटायची. जाडीनं अकरा नंबरची, सगळ्यात बारीक, दोन दिवस काय टिकायची नाही आणि दरवेळी त्याच जागी. शेवटी पट्टीवरून नख फिरवून बघितलं तर टूलची बारीक रेघ लागली, डोळ्याला दिसत पण नव्हती. टर्नरनं १२०० चा आणि मग २००० चा पॉलिश पेपर ओला करून हातानंच घासली, वर अंगठ्यानं तेल लावलं. मशीनवर काय होत नाही म्हणाला हे. त्यानंतर तुटली नाही, निदान आजपर्यंत तरी.

पण खरा घोळ वेगळाच निघाला. मागच्या महिन्यात घरी जोडून पहिल्यांदा नीट वाजवत होतो, पेडल दाबतोय, म-ध मस्त लागतायत, मी खुशीत, आणि बाबा आतल्या खोलीतून ओरडले, सा खाली बसतोय रे तुझा! मी म्हटलं शक्य नाही, त्या तारेला पेडल जोडलेलंच नाही. मग ट्यूनर लावला. पेडल दाबलं की सा ११ सेंट खाली, सोडलं की परत वर. १०० सेंटचा एक अर्धस्वर, म्हणजे नवख्याला कळणारच नाही, बाबांना भिंतीपलीकडून कळलं.

कारण शोधायला आठ दिवस गेले. पाय दोन्ही टोकांना, आणि पेडलचा ओढा मधे, शिवाय ओढलेल्या तारांचा ताण वाढतो, तर सगळी फळीच केसभर वाकते आणि बाकीच्या तारा सैल पडतात. थोडं चांगल्या गिटारीत पण होतंच म्हणे. पण आमच्या सुतार मेस्त्रीनं मला न विचारता सागवानाची फळी रंधा मारून पातळ केलेली, का तर उचलायला हलकी पडावी! फोन केला तर म्हणतो, लाकूड चांगलंय, लोखंडवाल्याचं चुकलंय. लोखंडवाला म्हणतो लाकडाचं. मी मधे, दोघांचे पैसे देऊन बसलेला.

शेवटी खालून लांबीभर ॲल्युमिनियमचा अँगल स्क्रूनं आवळून घेतला. वजन वाढलंच, मेस्त्रीची हलकी करायची हौस वाया गेली.

आज संध्याकाळी लावून बघितली. ४ सेंट. बाबांना आकडा काय सांगितला नाही, नुसतं वाजवलं, दोन्ही पेडल दाबून धरली. ते डोळे मिटून बसलेले. अजून थोडा हलतो, म्हणाले, आणि बार माझ्या हातातून घेऊन खुर्ची पुढं ओढली, जरा सरक म्हणाले. अर्धा तास भूप वाजवला, पेडलला पाय लावलाच नाही.