सही माझी, पिशवी मावशीची

तहसीलसमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, अधूनमधून कोणाची तक्रार. 'सही करायच्या आधी वाचून घ्या जी' हे दिवसातून दहादा माझ्या तोंडून निघतं. आणि मीच मागच्या वर्षी एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात न वाचता सही करून मोकळा झालो.

मावशी बेचाळीस वर्षांची. पोटात दुखायचं, सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ निघाली. दुर्बिणीतून गाठ काढू, म्हणाले. त्या फॉर्मवर तिनं स्वतः सही केली. सातवी पास आहे, अंगठा लावत नाही, त्याचा तिला अभिमान आहे. तिला आत नेलं आणि पाऊण तासानं सिस्टर बाहेर आली. "पिशवी पण खराब दिसते. सर म्हणतात आताच काढून टाकू, पुन्हा भूल नको. नातेवाईक कोण?" काका खाली मेडिकलमध्ये गेलेले. मी पुढे झालो. पॅडला दोरीनं बांधलेला पेन, इंग्रजी छापील कागद, रिकाम्या जागेत घाईघाईत खरडलेले तीन शब्द. इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास झालेला माणूस मी, पण तो कागद वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर सहज बोलून गेले, "चला, पाळीची कटकट संपली तुमची." मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "मले इचारलं काऊन नाही?"

आमच्या भागात पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालंय. निंदणाला जाणाऱ्या चार बायकांत एखादी तरी निघतेच. त्यामुळे नातेवाइकांनी मावशीलाच समजावलं: झालं गेलं, दोन पोरं आहेत, आता काय करायचं होतं त्या पिशवीचं? मीही त्यांच्यातच होतो, खोटं कशाला बोलू.

मावसभाऊ मात्र पेटला होता. हॉस्पिटलच्या काचा फोडतो म्हणे. त्याला बसवून सांगितलं की महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई. मग म्हणाला, पोलिसात देऊ. यवतमाळच्या वकिलांनी तेही थांबवलं. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात ओढायचं तर हलगर्जीपणा अगदी ढोबळ, घोर असावा लागतो, आणि त्याआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, मत घ्यावं लागतं. आमच्या प्रकरणात ते टिकलं नसतं. मला ते पटतंही. प्रत्येक बिघडलेल्या केसला हातकड्या दिसायला लागल्या तर तालुक्याच्या गावात ऑपरेशनला हात कोण लावेल?

पण वकिलांनी दुसरा एक निकाल काढून वाचायला दिला, तो मी रात्री दुकानात बसून दोनदा वाचला. दिल्लीची चव्वेचाळीस वर्षांची बाई, समीरा कोहली. तपासणीसाठी दुर्बीण घालायला तिनं संमती दिली होती. ती भुलीत असताना बाहेर तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, अंडाशय सगळं काढलं. 2008 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येतं, मग आईची सही चालत नाही. जीव जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टरनं सहीची वाट पाहायची नसते. भरपाई किती मिळाली? पंचवीस हजार, आणि डॉक्टरची फी द्यायची नाही. बस.

आईची चालत नाही, तर बहिणीच्या पोराची कुठून चालणार?

पहिलं काम कागद. हॉस्पिटलवाले म्हणाले, उद्या या. उद्या म्हणाले, सर नाहीत. मग मी मावशीच्या नावानं अर्ज टाईप केला. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, ती ओळ ठळक केली आणि आवक शिक्का घेतला. दुसऱ्या संध्याकाळी फाईलची कॉपी हातात. त्यात माझी सही. वेळ लिहिलेली, 11.40. माझ्याच मशीनवर तिच्या तीन प्रती काढल्या.

बिल एक्केचाळीस हजारांचं होतं, पऱ्हाटीच्या पैशातून भरलेलं. पैसे घेऊन केलेला उपचार 1995 पासून ग्राहक कायद्यात येतो. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, असं सरकारी हॉस्पिटल असतं तर हा रस्ताच नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगात एवढ्या रकमेला फी नाही, दोन वर्षांची मुदत. मावशीनं त्यातले चौदा महिने 'पाहू' म्हणण्यात घालवले.

गेल्या मंगळवारी ती स्वतःच दुकानात आली, सोयाबीन सोंगून, पायाला माती तशीच. तक्रार टाईप करून तयार होती, अकरा पानं. मी म्हटलं, "मावशी, वकिलाकडं मीच नेऊन देतो, तू फक्त खाली सह्या कर."

"वाचून दाखव आधी," ती म्हणाली.

दोन गिऱ्हाइकं पीकविम्यासाठी ताटकळत होती. एकजण कुरकुरला. मावशीनं स्टूल ओढून घेतलं. चौथ्या पानावर, जिथं माझं नाव येतं तिथं, मी जरा भरभर वाचलं.

"थांब," म्हणाली. "हे पुना वाच."