क्वेरीसेट हातात आला म्हणजे डेटा आला असं नाही

जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की स्टेशन.ऑब्जेक्ट्स.फिल्टर लिहिलंत तरी डेटाबेसकडे अजून काही गेलेलं नाहीये. क्वेरीसेट म्हणजे अजून न विचारलेला प्रश्न, त्याला आणखी फिल्टर लावा, एक्सक्लूड लावा, ऑर्डर बाय लावा, डेटाबेसवर एसक्यूएल क्वेरी अजून चालत नाही. फॉर लूप फिरवला, लिस्ट केली, लेन (पायथनचं मोजणारं फंक्शन) मागितलं किंवा नुसतं इफमध्ये टाकलं की क्वेरी जाते.

समजा आपल्या लोकलचं छोटंसं अ‍ॅप आहे, स्टेशन हे मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल, आणि त्याला लाइनची फॉरेन की, म्हणजे प्रत्येक स्टेशन कुठल्या लाइनचं ते सांगणारा दुवा. वेस्टर्नची स्टेशनं किती एवढंच हवंय तर काउंट वापरा, मोजायचं काम डेटाबेस करेल, लेन लावलं तर चर्चगेटपासून डहाणूपर्यंतच्या सगळ्या रो (टेबलमधल्या ओळी) मेमरीत येतात. आहे की नाही एवढंच बघायचं तर एक्झिस्ट्स. पण पुढे तीच यादी दाखवायची असेल तर एक्झिस्ट्सने उलट एक क्वेरी वाढते, तिथे साधं इफच बरं, कारण एकदा आलेला रिझल्ट क्वेरीसेट स्वतःकडे ठेवतो आणि लूपला तोच देतो. त्यावर परत फिल्टर लावलात तर मात्र तो नवा क्वेरीसेट, त्याचा कॅशे (साठवलेला रिझल्ट) रिकामा.

लूपमध्ये प्रत्येक स्टेशनच्या लाइनचं नाव छापताय? मग लाइनचा डेटा त्याच क्वेरीत आणणारं सिलेक्ट रिलेटेड लावाच, नाहीतर दर स्टेशनला एक वेगळी क्वेरी.

आता दादर. एकच रो आणणाऱ्या गेट या मेथडला नाव दादर दिलंत तर मल्टिपल ऑब्जेक्ट्स रिटर्न्डचा एरर येणार, कारण दादर वेस्टर्नलाही आहे आणि सेंट्रललाही, आणि गेटला एकच रो लागते, एकही नसेल तर डझ नॉट एक्झिस्ट. बरेच जण इथे गेट काढून फिल्टर आणि फर्स्ट लावतात, एरर जातो, सगळे खूश. मला हे अजिबात पटत नाही! ऑर्डर दिलेली नसेल तर फर्स्ट प्रायमरी कीच्या (प्रत्येक रोच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाच्या) क्रमाने पहिली रो उचलतं, म्हणजे आधी सेव्ह झालेलं, समजा वेस्टर्नचं, दादर मिळणार आणि कल्याणला जाणाऱ्या माणसाला आपण वेस्टर्नचा प्लॅटफॉर्म दाखवणार, तेही लॉगमध्ये एक ओळ न येता. गेट तसंच ठेवा, त्यात लाइनही द्या, आणि मॉडेलमध्ये नाव अधिक लाइन यांच्यावर युनिक कन्स्ट्रेंट टाका, म्हणजे तीच जोडी दोनदा सेव्ह होणार नाही.