डोळ्यावर कात्री

गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलमालकांना छताला टांगायला "काहीतरी आपल्या नाशिकचं" हवं होतं. बैलगाडीचं चाक सोडून, एवढीच अट. मिसळीच्या हॉटेलांत ते इतक्या ठिकाणी टांगलेलं असतं, आणि बिचारं एक मैलही चाललेलं नसतं. कारखान्यातून जुनं होऊनच येतं.

मला आठवल्या द्राक्षाच्या काड्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की एक-दोन डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, राखून बाकीची काडी उतरवतात. बांधावर ढीग लागतात. कुणी कुट्टी करून बागेतच घालतं, कुणी काडीला काडी लावून मोकळं होतं. दिंडोरीकडून टेम्पोभर आणल्या. बागवाल्या काकांनी पैसे घेतले नाहीत, पण "याचं करणार काय?" हे चारदा विचारलं.

वाळलेली काडी कधी हातात घेऊन बघा. पेरापेराला जराशी वळते, डोळा एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. तपकिरी सालीचे पापुद्रे बोटांना चिकटतात. आणि मधेच एखादी बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा तणावा, तारेला घट्ट धरून वाळलेली. तार कधीच सुटलेली असते, वेटोळं मात्र तसंच. ती बाळी तोडवेना, म्हणून सगळ्या ठेवल्या.

अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आठ फुटी लोखंडी कडं करून घेतलं. काड्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी वळवायच्या, बारीक तारेनं बांधायच्या. दोन महिने नखांत साल. जूनमध्ये कडं स्लॅबला चढलं, खालून दिवा लावला, आणि भिंतींवर आख्ख्या बागेची सावली पडली. त्या रात्री मी जरा हवेतच होते.

श्रावणात मालकांचा फोन. "ताई, तुमची कला मिसळीत पडतेय."

टेबलांवर पिवळसर पिठी. काडीत पिष्ट असतं, ते खायला भुंगेरे आत शिरले होते. टांगण्याआधी करायचं ते आता केलं : सगळं उतरवून बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवलं, कडक वाळवलं, वर पॉलिशचा हात. मालक त्या आठवड्यात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. त्यांचंही बरोबरच होतं.

आता दिवाळीनंतर पुन्हा गेले होते. गिऱ्हाइकं खाली मान घालून तर्रीत बुडालेली, तरुण मंडळी सेल्फीत. वर बघत होते फक्त एक टोपीवाले आजोबा, पाव हातात तसाच. मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, "आवडलं का बाबा?"

"काडी चांगली पिकलेलीये," ते म्हणाले. मग एका टोकाकडे बोट केलं. "पण ही कापली कोणी? पार डोळ्यावरच कात्री चालवलीये. आमच्या बागेत असं कापलं असतं ना, तर त्याच दिवशी हिशेब करून घरी पाठवला असता."

मी म्हटलं, "असेल कोणीतरी नवीन माणूस."