कडेला वसलेली राजधानी : ब्रातिस्लाव्हा

स्लोव्हाकियाचा नकाशा पाहताना पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे राजधानीची जागा. ब्रातिस्लाव्हा देशाच्या पार नैऋत्य कोपऱ्यात आहे. तिची हद्द ऑस्ट्रिया आणि हंगेरी या दोन्ही देशांना भिडते आणि व्हिएन्ना जेमतेम साठेक किलोमीटरवर आहे. मात्र हे शहर वसले, तेव्हा आजच्या सीमा नव्हत्याच. लहान कार्पेथियन डोंगररांग जिथे डॅन्यूबपाशी येऊन थांबते, तिथे नदीचा उतार आणि व्यापारी वाट या दोन्हींवर नजर ठेवता येईल अशी टेकडी मिळाली, आणि तिच्यावर किल्ला उभा राहिला.

1526 मध्ये मोहाचच्या लढाईत तुर्कांनी हंगेरीच्या सैन्याचा धुव्वा उडवल्यावर या शहराचे दैव पालटले. 1536 मध्ये ते हंगेरीची राजधानी झाले आणि 1563 पासून 1830 पर्यंत राज्याभिषेक येथील सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये होत राहिले. हॅब्सबर्ग घराण्यातील राणी मारिया थेरेसाचा राज्याभिषेक 1741 मध्ये झाला. गंमत अशी, की स्लोव्हाकांच्या या राजधानीत 1910 च्या जनगणनेनुसार स्लोव्हाक होते सुमारे 15 टक्के. बाकीची वस्ती मुख्यतः जर्मन आणि हंगेरियन भाषकांची होती. ब्रातिस्लाव्हा हे नावही 1919 मध्ये अधिकृत झाले. त्याआधी जर्मन लोक प्रेसबर्ग म्हणत आणि हंगेरियन लोक पोझोनी.

त्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर आजही हंगेरीच्या मुकुटाची सोनेरी प्रतिकृती आहे, आणि त्याच्या दारापासून काही पावलांवरून 1972 मध्ये खुल्या झालेल्या पुलाचा हमरस्ता धडधडत जातो. एकाच खांबाला तोललेला, माथ्यावर उडत्या तबकडीसारखे उपाहारगृह असलेला हा पूल स्थापत्य म्हणून देखणा आहे, हे मान्य. पण त्याच्या रस्त्यासाठी जुन्या ज्यू वस्तीचा मोठा भाग आणि तिथले सिनेगॉग जमीनदोस्त करण्यात आले. माझ्या मते हा सौदा शहराला फार महागात पडला.

पुलापलीकडचा पेत्रझाल्का हा शहराचा भाग 1938 मध्ये नाझी जर्मनीने गिळला होता. तो 1945 मध्ये परत मिळाला. 1947 च्या पॅरिस तहाने हंगेरीची तीन गावे चेकोस्लोव्हाकियाला (तेव्हा स्लोव्हाकिया त्याचाच भाग होता) देण्यात आली आणि पुढे ती शहरात सामावली गेली. शीतयुद्धात याच सीमेवर काटेरी तारा होत्या. पुढे शेंगेन कराराने, म्हणजे युरोपीय देशांनी आपसातील सीमांवरची नियमित तपासणी बंद करण्यासाठी केलेल्या कराराने, 2007 मध्ये इथली कायमची नाकी उठली, आणि शहरातील घरांच्या किमती न परवडणारी अनेक कुटुंबे ऑस्ट्रियातील किटझे किंवा हंगेरीतील रायका या गावांत राहून रोज कामाला ब्रातिस्लाव्हात येतात.